पाच जण, तीन तिकिटं
दिवाळीच्या सुट्टीत असोद्याहून जुनी शहरं पाहायला किती खर्च येतो

आमच्या असोद्यात दिवाळीची सुट्टी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात. मजूर मिळत नाहीत, व्यापारी दारात उभा असतो, भाऊबीजेपर्यंत लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. घर सोडून निघायचं तर भाऊबीज झाल्यावर आणि शाळा उघडायच्या आत. तेवढ्या मोजक्या दिवसांत पोरांना काहीतरी दाखवायचं असतं, आणि दिवाळीचा खर्च नुकताच झालेला असल्यामुळे हातात पैसा बेताचाच असतो. हा लेख अशाच घरांसाठी आहे.

सुरुवात युरोपपासून करतो, कारण प्रश्न तिथूनच आला. रोम, पॅरिस, प्राग अशा जुन्या शहरांच्या दिवाळी सहलींच्या जाहिराती आता जळगावकरांच्याही मोबाइलवर येतात. गावातली दोन-तीन घरं तरी मला विचारून गेली, ‘दादा, खरंच किती लागतात?’ विमान, हॉटेल, जेवण हे सगळं बाजूला ठेवू आणि फक्त दारात पाय ठेवायची किंमत मोजू. शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. आपण पाच जणांचं एक घर धरू: नवरा, बायको, ६८ वर्षांची आजी, १४ वर्षांची मुलगी आणि १० वर्षांचा मुलगा. चार जणांचे ३६० आणि मुलाचे ४५, असे ४०५ युरो झाले. युरो १०० रुपयांना धरला तरी साडेचाळीस हजार, म्हणजे ४०,५०० रुपये. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क त्याच्यावर, शिवाय किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. पासपोर्ट नसतील तर मोठ्यांचे प्रत्येकी १,५०० आणि मुलांचे प्रत्येकी १,००० वेगळे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी जरूर जावं. मात्र तयारी पोळ्याच्या सुमारास सुरू करावी, कारण अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि सुट्टीच्या दिवसांत भेटीची वेळच लवकर मिळत नाही. तिथली एक गोष्ट मनापासून आवडते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आणि रोमच्या कोलोसियममध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

आपल्याकडेही मुलांना सवलत आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या, म्हणजे एएसआयच्या, कुठल्याही स्मारकात १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. आणि असोद्याला उभं राहून पाहिलं तर दक्षिणेला अजिंठा, वेरूळ, देवगिरी, छत्रपती संभाजीनगर, उत्तर-पूर्वेला बऱ्हाणपूर. ज्या शहरात १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो शहजादा परवेझच्या दरबारात हजर झाला, ते शहर आपल्या रावेरच्या पलीकडे आहे. तेव्हा युरोपातली माणसं महिनोन्‌महिने जहाजात काढून इकडे येत होती. आपल्याला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

या पाच जणांच्या घराने व्हिसाच्या नुसत्या फीच्या निम्म्याहून थोड्या जास्त पैशात हे सगळं कसं पाहावं, त्याचा हिशोब पुढे देतो. यातले सरकारी दर पक्के आहेत. खोली, जेवण, रिक्षा यांचे आकडे माझे धरलेले आहेत. ते तुमच्या सवयीप्रमाणे कमी-जास्त करून घ्या.

आधी वार पाहा, मग तारीख

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं. या दोन ओळी कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्या नात्यातलं एक कुटुंब गाडी करून सोमवारी फर्दापूरला पोहोचलं आणि फाटकावरूनच परत फिरलं. गाडीचे पैसे गेले, मुलं रडवेली झाली, आणि त्या सुट्टीत दुसऱ्यांदा जाणं झालंच नाही. तिकीट ४० रुपयांचं, पण चुकीच्या वाराची किंमत काही हजारांत जाते.

माझ्या मते बुधवारी निघावं आणि शुक्रवारी रात्री घरी यावं. बुधवारी अजिंठा, गुरुवारी देवगिरी आणि वेरूळ, शुक्रवारी सकाळी शहर. शनिवार-रविवारची गर्दी टळते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मंडळी याच दोन दिवसांत येतात, आणि खोल्यांचे भावही तेव्हाच चढतात.

एसटीचं गणित

जळगावहून निघालेला रस्ता पहूर, फर्दापूर, अजिंठा, सिल्लोड, फुलंब्री करत थेट छत्रपती संभाजीनगरला जातो. सगळी ठिकाणं एका ओळीत आहेत, म्हणून ही सहल एसटीला फार सोयीची आहे.

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला एका टप्प्याचे १० रुपये ५ पैसे पडतात. जळगाव ते फर्दापूर साधारण ६० किलोमीटर, म्हणजे दहा टप्पे, शंभराच्या आसपास. फर्दापूरहून संभाजीनगर शंभर किलोमीटर, म्हणजे सतरा टप्पे, १७० रुपये. परतीचं संभाजीनगर-जळगाव अंदाजे १६० किलोमीटर, २७० रुपये.

आता सवलती लावा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. आजी, आई आणि मुलगी तिघी त्यात बसतात. १२ वर्षांखालचा मुलगा अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट फक्त वडिलांचं. चार अर्धी म्हणजे दोन, आणि एक पूर्ण. पाच जण, तीन तिकिटं. तीन दिवसांचा असोदा ते असोदा लांबचा प्रवास सतराशे रुपयांच्या आत बसतो. घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा असतील तर त्यांना तिकीटच नाही. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा, वाहक मागतो आणि मागायलाच हवं.

काही वर्षी दिवाळीत एसटी हंगामी जादा भाडं घेते, काही वर्षी घेत नाही. निघायच्या आधी आगारात विचारून घ्या. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास चांगला आहे, पण ज्या घरात बहुतेकांना अर्धं तिकीट आहे आणि फिरणं जेमतेम चारशे किलोमीटरचं आहे, त्यांना तो परवडत नाही. पूर्ण तिकीटवाल्या तरुण मुलांनी दूरवर भटकायचं असेल तर त्याचा विचार करावा.

गाडी करायची तर हे विचारा

दोन वर्षांपूर्वी आम्ही हीच सहल भाड्याच्या गाडीने केली. भाव ठरला किलोमीटरला १५ रुपये. मी मनाशी हिशोब केला: चारशे-सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे सहा-साडेसहा हजार. परत आल्यावर हातात बिल पडलं साडेतेरा हजारांचं, चालकाचा भत्ता आणि टोल वेगळे. मालकाने शांतपणे समजावलं, ‘रोजचं किमान तीनशे किलोमीटर धरतो आपण. तीन दिवसांचे नऊशे.’ आम्ही चाललो होतो त्याच्या दुपटीहून जास्त अंतराचे पैसे दिले. भांडायला जागा नव्हती, कारण मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी चार गोष्टी आधी मोबाइलवर लिहून मागवतो: रोजचं किमान किलोमीटर किती, मोजणी गाडीच्या दारापासून की आपल्या दारापासून, चालकाच्या रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता किती, आणि टोल-पार्किंग कोणाचं. एवढं लिहून आलं की वाद उरत नाही.

आजी बरोबर असेल तर मी मधला मार्ग सांगेन. लांबचा पल्ला एसटीने करा आणि फक्त गुरुवारी, देवगिरी-वेरूळसाठी, संभाजीनगरातून एका दिवसाची गाडी घ्या. त्यासाठी मी २,५०० रुपये धरतो. गडाच्या पायथ्याशी उन्हात बसची वाट पाहत आजीला उभं करण्यापेक्षा हे पैसे योग्य ठिकाणी जातात. घरात सगळे धडधाकट असतील तर वेरूळलाही एसटी जाते. तीस किलोमीटर, पाच टप्पे. जाऊन-येऊन पाच जणांना तीनशेच्या आसपास.

अजिंठा : कुठे उतरायचं, कशावर खर्च करायचा

वाहकाला ‘अजिंठा’ सांगू नका, ‘अजिंठा लेणी फाटा’ सांगा. अजिंठा गाव घाट चढून पुढे आहे, आणि तिथे उतरलेल्या माणसाला परत खाली यावं लागतं. फाट्यापासून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर खासगी गाडी सोडत नाहीत. एसटीच्याच बस नेतात, त्यांचं तिकीट वेगळं असतं. लेण्यांचं प्रवेशशुल्क ४० रुपये, फाटकावरचा क्यूआर कोड लावून भरलं तर ३५. आपल्या घरातल्या तीन मोठ्यांचे १०५. मुलगी पंधराच्या आतली आहे हे दाखवायला तिचं शाळेचं ओळखपत्र किंवा आधार न्या.

इथे पैसे कुठे वाचवू नयेत तेही सांगतो: परवानाधारक वाटाड्या घ्या. अजिंठ्यात ३० लेणी आहेत. पहिली कोरली गेली इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात, शेवटची पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. काही न कळता ही तीस दारं हिंडलेलं पोर दुपारपर्यंत कंटाळतं. पण पहिल्या लेण्यात विजेरीचा मंद झोत टाकून ‘पद्मपाणीच्या पापणीकडे बघ’ असं कोणी सांगितलं, की तेच पोर तिथून हलत नाही. आमची मुलगी १७ व्या लेण्यात एका भिंतीपुढे वीस मिनिटं उभी होती. वाटाड्याचा दर आधी ठरवा, किती लेणी आणि किती वेळ तेही ठरवा. एकट्या कुटुंबाला जड वाटलं तर फाट्यावर भेटलेल्या दुसऱ्या एखाद्या घराला बरोबर घ्या, खर्च निम्मा होतो.

सगळी लेणी पाहायचा हट्ट धरू नका. १, २, १६, १७ ही चित्रांसाठी; ९ आणि १० ही जुनी चैत्यगृहं; १९, आणि शेवटी २६ व्या लेण्यातला आडवा पहुडलेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध. सुरुवातीच्या पायऱ्या चढल्या की पुढची वाट घोड्याच्या नालासारखी वळत जाते. आजीला पायऱ्या झेपत नसतील तर डोलीवाले असतात. दर आधी बोला, आणि दोन माणसांच्या खांद्यावरचं ओझं लक्षात ठेवून फार घासाघीस करू नका. चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. मुलांना आधीच सांगा, की हे रंग दीड हजार वर्षं टिकले ते अंधारामुळे.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा, कारण तिचा शेवट आपल्या भुसावळात आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी आला असताना त्याला ही लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपलं नाव कोरलं. पुढे १८४४ साली रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी चित्रांच्या नकला करायला आला आणि इथेच राहिला. वर्षानुवर्षं खपून त्याने केलेल्या मोठ्या नकला लंडनला गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. खांबावर नाव कोरणारा आणि आयुष्य खर्चून नकला करणारा, दोघेही बाहेरचेच. मुलांना यातला फरक सांगावा लागत नाही.

जेवणाचं म्हणाल तर पहिल्या दिवसाची शिदोरी घरूनच न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पाच जणांचं एक वेळचं बाहेरचं जेवण वाचलं की वाटाड्याच्या खर्चाचा मोठा भाग निघतो. असोद्याच्या वांग्यांचं भरीत सोबत नेण्याचा मोह होईल, पण ते प्रवासात टिकत नाही. ते परतल्यावर करा.

खोली

दोन्ही रात्री संभाजीनगरात काढाव्यात, सामान दोनदा हलवावं लागत नाही. बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन यांच्या आसपास सर्व भावांच्या खोल्या आहेत. मी दोन खोल्या, प्रत्येकी १,५०० धरून दोन रात्रींचे ६,००० मोजतो. बिल घेताना एक पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी १२ टक्के होता. जुन्या दराने बिल आलं तर शांतपणे दाखवून द्या. आपल्या हिशोबात कर ३०० रुपये होतो. फोनवर ठरवताना विचारा, की सांगितलेला दर कर धरून आहे का आणि जादा गादीचे किती. पाच जणांना एक मोठी खोली आणि दोन गाद्या मिळाल्या तर हजार-दीड हजार वाचतात. फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. ज्यांना अजिंठा दोन दिवस निवांत पाहायचा आहे त्यांना ते बरं, पण सुट्टीत खूप आधी नोंदवावं लागतं.

गुरुवार आणि शुक्रवार

देवगिरी सकाळी लवकर. ऊन चढल्यावर तो गड मुलांनाही दमवतो. तिकीट २५ रुपये, क्यूआरने २०. यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि दौलताबाद नाव दिलं. आजीला चांद मिनाराच्या परिसरात सावलीला बसवा, बाकीच्यांनी वर जावं. खंदक आणि अंधारी नावाची काळोखी भुयारी वाट एवढं पाहिलं तरी मुलांचं समाधान होतं. विजेरी घरून न्या, पाणी भरपूर न्या.

मग वेरूळ. तिकीट अजिंठ्याइतकंच, ४० किंवा ३५. एकूण ३४ लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन. १६ वं कैलास लेणं आधी पाहा, आणि शक्य असेल तर बाजूच्या वाटेने वर चढून कड्यावरून खाली पाहा. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर कळसाकडून पायाकडे कोरत आणला, हे वरून पाहिल्यावरच पटतं. जैन लेणी दूर आहेत. गाडी असेल तर तिनेच जा. घृष्णेश्वराचं दर्शन आणि भोसल्यांच्या वेरूळातली मालोजीराजांची समाधी याच फेरीत होते. वाटेत खुलताबादेत भद्रा मारुतीला आपल्याकडचे बरेच जण थांबतात. तिथेच सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. बऱ्हाणपूरला त्यांचंच नाव दिलेलं आहे. मुलांना हे आज सांगून ठेवा, तिकडे गेल्यावर आठवेल.

शुक्रवारी बिबी का मकबरा. तिकीट २५ किंवा २०. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर सतराव्या शतकाच्या मध्यानंतर बांधली. खर्चाच्या लेखात सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे तिच्या बांधकामाचा आकडा एका जुन्या बखरीत नोंदलेला आहे: ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. ताजमहालावरच्या खर्चाच्या मानाने फारच थोडा, म्हणून संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकीच्या भिंतींना गिलावा. दोन्ही कुठे मिळतात ते हात लावून ओळखायला मुलांना सांगा. मग पाणचक्की. डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर पीठ दळणारं जातं फिरायचं. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि नहरी खोदल्या, तेव्हापासूनची ही पाण्याची हुशारी आहे. दुपारची गाडी धरली तर दिवे लागायच्या सुमारास जळगाव.

चारही ठिकाणांचं तीन मोठ्यांचं प्रवेशशुल्क रोखीने ३९० आणि क्यूआरने ३३० होतं. सगळ्या सहलीत सर्वांत स्वस्त काही असेल तर ते हे तिकीट.

बऱ्हाणपूर, एका दिवसात

एसटीची महिला सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते, म्हणून बऱ्हाणपूरला रेल्वे बरी. जळगाव-भुसावळ-रावेर-बऱ्हाणपूर, ऐंशीएक किलोमीटर. जनरलचं तिकीट पन्नासाच्या आतबाहेर. पण एक इशारा. दिवाळी ते छठ या दिवसांत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आजी आणि मुलं घेऊन त्यात चढू नका. स्लीपरचं आरक्षण करा. स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं भाडं घेतात, त्यामुळे अंतर कमी असूनही माणशी दीडशेच्या आसपास किंवा थोडं जास्त पडतं. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला वेगळी जागा घेतली नाही तर अर्धं तिकीट. रेल्वेत महिलांना किंवा ज्येष्ठांना एसटीसारखी सवलत नाही. जाऊन-येऊन पाच जणांचे १,५०० धरा. छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी असते. तिच्यानंतरचा दिवस मिळाला तर उत्तम.

स्टेशनवरून दिवसभराची रिक्षा ठरवा, ठिकाणांची नावं घेऊन. मी १,२०० धरतो. शाही किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा, आणि बोहरड्याची राजा जयसिंगाची छत्री, अशी चार नावं घ्या. वेळ कमी असला तर आसिरगड सोडून द्या, त्याला वेगळा दिवस लागतो.

फारुकी राजांनी थाळनेरहून हलवून खानदेशची राजधानी इथे आणली. आपला जळगाव-धुळ्याचा मुलूख दोनशे वर्षं याच शहराकडे पाहत होता. तापीकाठच्या शाही किल्ल्यात हमामाच्या छतावर अजून रंग शिल्लक आहेत. शहाजहानची बेगम मुमताज १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात इथे वारली. सहा महिने तिचा देह तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत होता, मग आग्र्याला नेला. किल्ल्याचं तिकीट २५, क्यूआरने २०. जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो शोधून पाहा. आणि चौथीच्या पुस्तकात पुरंदरचा तह वाचलेल्या मुलाला बोहरड्याला न्याच. महाराजांशी १६६५ मध्ये तह करणारा मिर्झाराजा जयसिंग दोन वर्षांनी इथेच वारला. तापी आणि मोहना यांच्या संगमावर त्याची छत्री आहे. आमचा मुलगा तिथे म्हणाला, ‘म्हणजे तो खरंच होता.’

कुंडी भंडारा मात्र सगळ्यात वरचा. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणलं, आणि वर हवेसाठी शंभरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या. अब्दुल रहीम खानखाना याच्या सुभेदारीतलं, १६१५ च्या सुमाराचं काम. हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे असतात तोच हा रहीम. खाली उतरायला एका कुंडीत लिफ्ट बसवलेली आहे, पण ती कधी चालू असते, कधी बंद. रिक्षा ठरवतानाच चौकशी करा, म्हणजे मुलांचा हिरमोड होत नाही. ज्या खानदेशात उन्हाळ्यात बोअरला हवा लागते, तिथल्या शेतकऱ्याच्या पोराने हे पाणी एकदा पाहायलाच हवं. येताना मावा जलेबी आणि दराबा घ्या, वजन करून.

बेरीज

तीन दिवसांची एसटी १,७००, गुरुवारची गाडी २,५००, प्रवेशशुल्क ३३०, खोल्या करासह ६,३००, जेवणखाण ६,०००, वाटाड्या, लेण्यांची बस आणि शहरातल्या रिक्षा मिळून २,५००. झाले १९,३३०. बऱ्हाणपूरची रेल्वे १,५००, रिक्षा १,२००, किल्ल्याचं तिकीट ६०, खाणं १,०००, म्हणजे ३,७६०. दोन्ही मिळून २३,०९०. व्हिसाच्या फीचे ४०,५०० होते.

एवढेही जड जात असतील तर फक्त अजिंठा एका दिवसात करून या: एसटी सहाशे, तिकीट १०५, शिदोरी घरची, वाटाड्या आणि लेण्यांची बस मिळून हजार-बाराशे. दोन हजारांच्या आत. शाळेने सहल काढली तर एसटी शैक्षणिक सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात वेळेत नोंदणी करावी लागते, कारण डिसेंबरमध्ये गाड्या उरत नाहीत.

वाटेत पाण्याच्या बाटलीवर किंवा बिस्किटांवर छापील किमतीपेक्षा जास्त मागितलं तर देऊ नका. ठरलेल्या खोलीचं बिल वाढवलं, आगाऊ रक्कम अडवून ठेवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीला पावती लागते, म्हणून चहापाणी सोडून प्रत्येक गोष्टीची पावती एका पाकिटात टाका. आमच्या घरी ते पाकीट मुलीकडे असतं. परत आल्यावर ती ओसरीवर बसून सगळ्या पावत्या मांडते आणि बेरीज करते. गेल्या खेपेला ती माझ्या आकड्यापेक्षा चारशे रुपयांनी कमी आली.